निर्गुडी, पुडी आणि कांचेची पट्टी

आमच्या परसांतील विहिरीच्या कडेला निर्गुडीचें एक झाड आहे. झाड म्हणावें तर तें फारसें मोठें नाहीं, आणि झुडूप म्हणावें तर त्याचा अपमान होईल. कारण आमच्या घराच्या तीन पिढ्यांचे गुडघे, कंबरा आणि घोटे यांचा भार त्यानें सोशिला आहे. पांच पांच पानांचे त्याचे हात, निळसर जांभळे तुरे आणि पान चुरगाळतांच नाकांत शिरणारा तो उग्र वास! धाराशिव जिल्ह्यांतील ओढ्यांच्या कांठीं हिंडलेल्या कोणासहि त्याची ओळख करून द्यावयास नको. आमच्या आजीच्या वेळीं ज्वारीच्या कणगींत हाच पाला घालीत, म्हणजे किडा लागत नसे.

या झाडाची खरी धनीण म्हणजे आमच्या आत्याबाई. त्यांचें सासर लोहाऱ्याकडचें. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, लोक गणेशविसर्जन करून नुकते निजले असतां, किल्लारीच्या भूकंपानें त्या भागांतील घरें बसलीं. आत्याबाईंच्या घराची दगडमातीची भिंत कोसळली. घरचीं माणसें वांचलीं, हीच त्या दिवशीं मोठी गोष्ट होती. परंतु आत्याबाईंचा उजवा गुडघा त्या भिंतीखालीं सांपडला. हाड जुळलें, पण सांधा कायमचा रुसला. पुढें दोन वर्षांनीं त्यांचे यजमान वारले आणि त्या माहेरीं, म्हणजे आमच्याकडे, येऊन राहिल्या. तेव्हांपासून निर्गुडीच्या पाल्यावर दुसऱ्या कोणाचा हक्क राहिला नाहीं.

थंडी पडली, किंवा चातुर्मासांत पोथीपुढें जास्त वेळ बसणें झालें, कीं गुडघा सुजे. मग आत्याबाई कोणास कांहीं न सांगतां परसांत जाऊन पाला खुडून आणीत. तव्यावर थोडें एरंडेल घालून तो परतावयाचा, पानें मऊ पडलीं कीं जुन्या लुगड्याच्या चिंधींत बांधून सोसेल तितकें गरम गुडघ्यावर ठेवावयाचें आणि वरून लोकरीची पट्टी गुंडाळावयाची. दुसऱ्या दिवशीं सूज कमी दिसे. निदान ती कमी दिसते असें आम्हीं सर्वांनीं ठरविलें होतें.

हा पाला नेमकें काय करितो, हा प्रश्न आमच्या घरांत कोणास पडला नव्हता. आजोबांच्या पेटींत शंकर दाजीशास्त्री पदे यांचें 'वनौषधिगुणादर्श' होतें. निजामाच्या राज्यांत आयुष्य काढलेल्या त्या गृहस्थानें तें पुण्याहून मागविलें होतें, आणि त्यांत जें लिहिलें आहे त्यापलीकडे विचारण्यासारखें कांहीं उरत असेल असें त्यांस वाटलें नसावें. मी स्वतः चौतीस वर्षें संस्कृत शिकविलें. चरकानें शोथ हरण करणाऱ्या दहा औषधींचा जो गण सांगितला आहे त्यांत दशमुळें येतात, निर्गुडी येत नाहीं. ती त्यानें कृमिघ्न गणांत घातली आहे. हें मला ठाऊक होतें. पण आत्याबाईंपुढें चरकाचा हवाला देण्याचें धैर्य मला कधीं झालें नाहीं.

प्रश्न पडला तो आमच्या धाकट्या बंधूंच्या मुलीस. ती येथेंच धाराशिवास एम्.एस्सी. करीत होती. शेवटच्या वर्षीं प्रबंधासाठीं विषय निवडावयाचा होता. तिनें आत्याबाईंचीच निर्गुडी निवडली आणि पाल्यांतील सूज उतरविणारें द्रव्य शोधून वेगळें करावयाचें असें घरीं जाहीर केलें. आत्याबाईंनीं परवानगी दिली, मात्र "वरचा कोंवळा पाला घेऊं नकोस, झाड खुरटेल," अशी अट घातली. पाला सावलींत वाळवावयाचा, उन्हांत वाळविला तर कांहीं द्रव्यें उडून जातात आणि कांहीं बिघडतात, असें पोरीनें मोठ्या अधिकारानें सांगितलें, तेव्हां आत्याबाई म्हणाल्या, "हें तुला कॉलेजांत जाऊन शिकावें लागलें होय ग?"

त्या हिंवाळ्यांत तिला दुपारचा डबा पोहोंचविण्याच्या निमित्तानें मी तिच्या प्रयोगशाळेंत बरेचदां जाऊन बसलों. पाहिलेली गोष्ट सांगण्याचा मोह होतो, म्हणून सांगतों. प्रथम वाळल्या पाल्याची भरड करून ती जाड कागदाच्या नळकांड्यांत भरीत आणि तें नळकांडें सॉक्स्लेट नांवाच्या कांचेच्या उपकरणांत ठेवीत. खालीं चंबूंत मिथेनॉल उकळे; त्याची वाफ एका बाजूच्या नळीनें वर जाई, डोक्यावर थंड पाणी खेळतें ठेवलेल्या नळींत ती गार होई, आणि थेंब थेंब पाल्यावर पडे. पाल्याचें नळकांडें भरून आलें कीं सगळें द्रव एकदम खालीं उतरे व पुन्हां उकळूं लागे. महादेवाच्या पिंडीवरील अभिषेकपात्राचेंच हें चुलत भावंड. फरक इतकाच कीं येथें तीर्थ पुन्हां पुन्हां वर चढवितात. दिवसभरांत खालचें द्रव काळपट हिरवें होई. तें आटविलें कीं डांबरासारखा चिकट अर्क राही, आणि त्याचा वास आत्याबाईंच्या खोलीसारखा येई.

मला वाटलें, झालें काम. पुतणी हंसली. "काका, या डांबरांत शेंकड्यांनीं द्रव्यें आहेत. आतां कुठें सुरुवात आहे."

पुढचा भाग मला समजावा म्हणून तिनें जो दृष्टान्त दिला तो मी विसरणार नाहीं. हाताएवढ्या लांब उभ्या कांचेच्या नळींत तिनें सिलिका, म्हणजे वाळूच्याच जातीची अतिसूक्ष्म पांढरी पूड, ठासून भरली होती. तिच्या माथ्यावर अर्काचा पातळसा थर देऊन वरून निरनिराळीं विद्रावकें ओतावयाचीं. "कोजागिरीला सोलापुराहून तुळजापूरला पायीं निघालेले लोक आठवा," ती म्हणाली. "सगळे एकदम निघतात. पण कोणी प्रत्येक चहाच्या टपरीवर थांबतो, कोणी एखाद्याच ठिकाणीं टेकतो, कोणी सरळ चालत सुटतो. तुळजापूरला पोहोंचेपर्यंत ते आपोआप वेगळे झालेले असतात. सिलिका म्हणजे ती टपऱ्यांनीं भरलेली वाट. जिचा सिलिकेशीं स्नेह जास्त, ती वस्तु मागें राहते." खालीं तोटींतून पडणारें द्रव ती लहान लहान परीक्षानळ्यांत झेली. पहिल्या नळ्या पिंवळ्या, मग हिरव्यागार, मग जवळजवळ वर्णहीन. अशा दोनशेंच्या वर नळ्या झाल्या.

कोणत्या नळींत काय आहे हें पाहण्यास कांचेची पट्टी असे. पत्त्याएवढ्या कांचेवर त्याच सिलिकेचा पातळ लेप दिलेला; तिच्या खालच्या कडेला केसासारख्या नळीनें अर्काचे बारीक ठिपके ठेवावयाचे आणि ती कड थोड्या द्रवांत बुडवून झांकण घालावयाचें. टीपकागदावर शाई चढावी तसें तें द्रव वर चढतें आणि ठिपक्यांतील घटकांना आपापल्या उंचीवर सोडून जातें. मग अंधाऱ्या पेटींत अतिनील दिव्याखालीं पट्टी धरली कीं तिच्यावर निरनिराळे ठिपके दिसतात. एका रेषेंत जितके ठिपके, निदान तितकीं द्रव्यें. ज्या नळ्यांचे ठिपके सारखे त्या एकत्र करावयाच्या. या पट्टीचा माझ्या पुढील कथेशीं फार निकटचा संबंध आहे, म्हणून वाचकांनीं ती ध्यानांत ठेवावी.

साडेतीन महिन्यांनीं तिच्या हातीं फिकट पिंवळे स्फटिक आले. दीड किलो वाळल्या पाल्यांतून निघालेला हा ऐवज औषधाच्या एका गोळीच्या दहाव्या हिश्शाइतकाहि नव्हता. त्याची रचना ठरविण्यासाठीं नमुना पुण्यास पाठविला. उत्तर आलें: कॅस्टिसिन. निर्गुडीच्या भूमध्य समुद्राकडील एका बहिणीच्या लॅटिन नांवावरून पडलेलें हें नांव, आणि द्रव्य शास्त्रज्ञांस अनेक दशकें ठाऊक असलेलें. त्या संध्याकाळीं पोर जेवली नाहीं. मीं समजूत घालण्यासाठीं म्हटलें, कीं जुनीच वस्तु पुन्हां सांपडली म्हणजे तुझी रीत बरोबर आहे हें सिद्ध झालें. तिच्या प्राध्यापकांनींहि म्हणे तेंच सांगितलें होतें. तिला तें आमच्या दोघांच्याहि तोंडून आवडलें नाहीं.

मला मात्र वेगळीच घाई होती. "तर मग आत्याबाईंचा पाला खरा ठरला ना?" असें मीं विचारिलें. ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "या द्रव्यानें प्रयोगशाळेंतल्या पेशींत आणि उंदरांत दाह कमी होतो, असें लोकांनीं दाखविलें आहे. उंदराच्या पायावरून आत्याआजीचा गुडघा ठरत नाहीं, काका. गरम पाल्याचा शेक आहे, तेलाचें चोळणें आहे, दिवसभर पाय हलवायचा नाहीं ही सक्ती आहे. यांतलें कशानें किती, तें या कुपींत नाहीं." मला हें उत्तर कोतें वाटलें. तीन पिढ्यांच्या अनुभवाला या पोरीनें एका वाक्यांत तीन तुकडे करून ठेवलें, असें वाटून मी चिडलों.

त्यावर तिनें वाळुंजाची गोष्ट सांगितली. वाळुंजाच्या जातीच्या झाडांची साल यूरोपांत ताप व सांधेदुखी यांवर फार जुन्या काळापासून देत. १८२८ मध्यें म्यूनिकच्या बुखनर नांवाच्या रसायनशास्त्रज्ञानें तिच्यांतून सॅलिसिन हें कडू द्रव्य वेगळें काढलें. पुढें त्यापासून सॅलिसिलिक आम्ल झालें. तें गुणकारी ठरलें, पण पोट जाळूं लागलें. १८९७ मध्यें जर्मनींत बायर कंपनीच्या हॉफमान यानें त्यांत थोडा फेरफार करून जें शुद्ध रूपांत तयार केलें तें ॲस्पिरिन. आणि तें शरीरांत नेमकें काय करितें हें जॉन व्हेन यानें १९७१ मध्यें दाखविलें, म्हणजे गोळी बाजारांत येऊन सत्तर वर्षें लोटल्यावर! दाह व वेदना चेतविणारीं प्रोस्टाग्लँडिन नांवाचीं द्रव्यें शरीर स्वतः बनवीत असतें. ॲस्पिरिन तें बनविणें अडवितें. या शोधाच्या मालिकेसाठीं १९८२ सालीं व्हेन यास नोबेल पारितोषिकाचा वांटा मिळाला. "सालीपासून कारणापर्यंत दीडशें वर्षें लागलीं, काका. आणि तुम्हांला माझ्या एका वर्षांत निकाल पाहिजे."

आपल्याकडे हें काम कसें झालें, असें मीं हट्टानें विचारिलें, तेव्हां तिनें सांगितलेल्या दोन गोष्टी मला फार मोलाच्या वाटतात. १९९१ सालीं पुण्याच्या वैद्यकतज्ज्ञांनीं गुडघ्यांच्या व इतर सांध्यांच्या झिजेच्या बेचाळीस रोग्यांवर एक परीक्षा प्रसिद्ध केली. औषधांत अश्वगंधा, सालई गुग्गुळ, हळद आणि जस्ताचें एक संयुग होतें. कांहींना तीन महिने औषध आणि कांहींना हुबेहूब तशीच दिसणारी पोकळ गोळी, मधें पंधरा दिवस विश्रांति, मग अदलाबदल. कोणास काय मिळत आहे तें रोग्यासहि ठाऊक नाहीं आणि तपासणाऱ्यासहि नाहीं. औषधाच्या काळांत दुखणें स्पष्टपणें कमी झालें. २००३ मध्यें नागपूरच्या डॉक्टरांनीं एकट्या सालई गुग्गुळाच्या अर्काची तशीच परीक्षा तीस रोग्यांवर केली; दुखणें घटलें, गुडघा जास्त वांकूं लागला, चालण्याचें अंतर वाढलें. सालईच्या डिंकांत बॉस्वेलिक आम्लें असतात, आणि तीं दाहाची दुसरी एक वाट अडवितात, हें जर्मनींतील ट्यूबिंगेनच्या संशोधकांनीं त्यापूर्वींच दाखविलें होतें. पण पुण्याच्या आणि नागपूरच्या दोन्ही परीक्षांत क्ष-किरणांच्या चित्रांत कांहीं फरक पडला नाहीं. झिजलेलें हाड झिजलेलेंच राहिलें. मला यानें निराशा वाटली. पुतणीला वाटलें, कीं हें छापलें हाच त्या लोकांचा मोठेपणा.

हळदीचा विषय निघाल्यावर आमच्या वहिनींना राहवलें नाहीं. १९९५ मध्यें अमेरिकेंत जखम भरण्यासाठीं हळदीच्या वापरावर पेटंट दिलें गेलें आणि डॉ. रघुनाथ माशेलकर प्रमुख असलेल्या आपल्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेनें जुन्या ग्रंथांचे आणि छापील लेखांचे बत्तीस आधार पुढें मांडून तें १९९७ मध्यें रद्द करविलें, हें आमच्या घरांत सर्वांस पाठ आहे. अणदूरच्या खंडोबापुढें मुठीमुठीनें भंडारा उधळणाऱ्या मुलुखांत तें पाठ असणारच. वहिनी म्हणाल्या, "मग हळदींतलें तें तुमचें कर्क्युमिन काढून थेट आत्याबाईंनाच कां देत नाहीं?" पुतणीनें सांगितलें, कीं हळदींतून तो पिंवळा घटक यूरोपांत १८१५ मध्येंच काढला होता, पण तो पोटांतून रक्तांत फारच थोडा उतरतो. १९९८ मध्यें बंगळूरच्या संशोधकांनीं मिऱ्यांतल्या पाइपरिनाबरोबर तो माणसांना दिला, तेव्हां रक्तांतलें त्याचें प्रमाण वीसपटींच्या घरांत वाढलें. हळदीच्या दुधांत दोन मिरे टाकावयाची आत्याबाईंची जुनी संवय त्या दिवसापासून आमच्या घरांत फारच मानाची झाली. वास्तविक त्या मिरे घालीत तें कफासाठीं.

येथवरचा भाग सांगण्यास सोपा आहे. आतां माझी गोष्ट.

पुतणी एम्.एस्सी. होऊन पुण्यास पुढील संशोधनास गेली. त्या वर्षीं पावसाळा संपतां संपतां आत्याबाईंचा गुडघा फार बिघडला. पाला, शेक, लेप कशालाच दाद देईना. डॉक्टरांच्या गोळ्यांनीं पोटांत जळजळे म्हणून त्या टाळीत. एका जत्रेंत मला औषधें विकणारा एक मनुष्य भेटला. त्याच्या दुकानावर वनस्पतींचीं चित्रें होतीं. पुड्यांवर 'शुद्ध निर्गुडी, रास्ना, सालई' असें लिहून खालीं एक संस्कृत श्लोक छापला होता. त्या श्लोकांत विभक्तीची एक ढळढळीत चूक होती. विद्यार्थ्याची असती तर मीं अर्धा गुण कापला असता. त्या दिवशीं मीं ती चूक पाहिली आणि पैसे मोजले. निर्गुडीचें नांव वाचून मला जणूं घरचा मनुष्य भेटला होता.

पुडी चालू केली आणि तिसऱ्या दिवशीं आत्याबाई काठी न घेतां देवघरांत गेल्या. आठव्या दिवशीं त्यांनीं तुळशीला पाणी घातलें. पंचवीस वर्षांत त्या ओट्याच्या दोन पायऱ्या कोणाचा हात न धरतां चढल्या नव्हत्या. भूक वाढली, चेहरा भरला, गालांवर तुकतुकी आली. शेजारच्या बायका म्हणत, "आत्याबाई तरण्या झाल्या." मी सर्वांस त्या पुडीची हकीकत सांगे. आजोबांचें पुस्तक पुन्हां काढून चार घरीं वाचून दाखविलें. दोघातिघांना मीं स्वतः पुड्या आणून दिल्या, हेंहि येथें लिहिलें पाहिजे.

दिवाळीस पुतणी घरीं आली. आत्याबाईंच्या पायां पडली, वर पाहिलें, आणि तिच्या तोंडावरचें हंसूं गेलें. पहिल्या आंघोळीच्या दिवशीं ती कांहीं बोलली नाहीं. दुसऱ्या दिवशीं मला एकीकडे बोलावून तिनें पुडी मागितली.

"काका, आत्याआजीचा चेहरा भरलेला नाहीं, सुजला आहे."

मीं सांगितलें कीं गुडघा पूर्ण उतरला आहे.

"तेंच म्हणतें मी. तीन दिवसांत जें असा गुडघा उतरवितें, तें पाल्यांतलें नव्हे."

मी तिला फार बोललों. घरच्या औषधाला गुण आला हें तुला पाहवत नाहीं, तुमच्या कांचेच्या नळ्यांना जें साधलें नाहीं तें एका साध्या मनुष्यानें साधलें, असें कांहींबाहीं बोललों. ती रडली नाहीं. "मग पट्टीवर पाहूं," एवढेंच म्हणाली.

भाऊबीज झाल्यावर जुन्या प्राध्यापकांच्या परवानगीनें आम्ही दोघें त्याच प्रयोगशाळेंत गेलों. तिनें एका पट्टीवर चार ठिपके ठेवले. पहिला, आमच्या परसांतील निर्गुडीच्या तिच्याच जुन्या अर्काचा. दुसरा, माझ्या पुडीचा. तिसरा, डायक्लोफेनॅक या वेदनाशामक गोळीचा. चौथा, प्रेडनिसोलोन नांवाच्या स्टिरॉइडच्या गोळीचा. द्रव चढूं लागलें. अर्धा तास आम्ही दोघें एकमेकांशीं एक शब्दहि बोललों नाहीं. मग तिनें पट्टी वाळवून पेटींत धरली आणि मला डोळा लावावयास सांगितलें. हिरवट उजेडांत पहिल्या रेषेंत निर्गुडीचे ठिपके शिडीच्या पायऱ्यांसारखे एकावर एक होते. दुसऱ्या रेषेंत ती शिडी नव्हतीच. दोन ठळक काळे ठिपके होते. एक तिसऱ्या रेषेच्या ठिपक्याशीं समोरासमोर, दुसरा चौथीच्या.

मी म्हणालों, "झालें तर." पण तिनें मलाच अडविलें. उंची सारखी म्हणजे वस्तु तीच असें होत नाहीं, असें सांगून तिनें दुसरें द्रव घेऊन तीच परीक्षा पुन्हां केली. ठिपके पुन्हां जोडीनें उभे राहिले. तरीहि तिनें पुडी पुण्यास नेऊन मोठ्या यंत्रावर तपासून घेतली, आणि मगच निश्चित म्हणून कळविलें. ज्या संथपणावर मी चिडत असें तोच संथपणा तिनें माझ्या विरुद्धच्या पुराव्यालाहि लाविला. प्रसंगवशात् एक आठवतें: आमच्या लहानपणीं गांवाबाहेर दिसणारीं गिधाडें जीं नाहींशीं झालीं, त्याचें मोठें कारण गुरांना दिलेलें हेंच डायक्लोफेनॅक, असें २००४ मध्यें सिद्ध झालें, आणि २००६ मध्यें त्याचा गुरांसाठींचा वापर आपल्या देशांत बंद करण्यांत आला. माणसाच्या औषधांत मात्र तें राहिलें. वाईट म्हणून नव्हे, मात्रा मोजून द्यावयाचें म्हणून. तसें पाहिलें तर पावसाळ्यांत डोंगरकुशींत फुलणारी आपली देखणी कळलावी घ्या. तिच्यांतलें कोल्चिसिन वातरक्ताच्या वेदनेवर खरें औषध आहे, आणि तिचा कंद अजाणतां खाल्ला तर मनुष्य मरतो. वनस्पतीचें म्हणजे निरुपद्रवी, असें मीं जन्मभर वर्गांत सांगत आलों होतों.

पट्टीवरचें दिसतांच तिनें सर्वांआधीं जें केलें, तें म्हणजे पुडी एकाएकी बंद करूं नका असें बजावलें. मी त्या सर्व पुड्या त्याच रात्रीं विहिरींत टाकणार होतों. डॉक्टरांनीं समजावून सांगितलें, कीं मूत्रपिंडांवरच्या ग्रंथि जें द्रव्य स्वतः बनवितात, तसलेंच बाहेरून महिनोन् महिने मिळत गेलें कीं त्या ग्रंथि काम सोडून बसतात. आधार एकदम काढला तर मनुष्य कोसळतो. म्हणून मोजलेली गोळी देऊन ती आठवड्याआठवड्यांनीं उतरवीत न्यावी लागली. रक्तांतील साखर चढली होती, तिचेंहि पथ्य आलें. ज्यांना मीं पुड्या दिल्या होत्या त्यांच्या घरीं मी स्वतः गेलों. एकानें दार उघडून ऐकून घेतलें. दुसऱ्यानें माझ्यासमोर पुडी तोंडांत टाकली आणि "मला गुण आहे," असें म्हटलें. त्याच्याकडे मी आणखी तीन वेळां गेलों, तेव्हां तो डॉक्टरांकडे आला. पुडीवाला पुढच्या वर्षीं जत्रेंत दिसला नाहीं.

गोळी उतरत गेली तसा गुडघा पुन्हां वर आला. चेहऱ्याची सूज गेली आणि तुकतुकीहि गेली. तुळशीच्या पायऱ्या पुन्हां दूर झाल्या. एका रात्रीं पाय चेपीत असतां आत्याबाईंनीं मला विचारिलें, "ते तीन महिने मला दुखत नव्हतें रे. तें खोटें होतें का?" मला या प्रश्नाचें उत्तर देतां आलें नाहीं. दुखत नव्हतें हें खरेंच होतें.

पुतणीनें मात्र एक मार्ग काढला. पुण्यांतील एका अस्थिरोगतज्ज्ञांस दाखवून सालईच्या अर्काची, आंत काय व किती आहे तें लिहिलेली औषधी, पोट आणि साखर सांभाळून, आत्याबाईंना सुरू झाली. मांड्यांचे स्नायु बळकट करण्याचे व्यायाम लावले. त्यांस आत्याबाई 'कवाईत' म्हणतात आणि रोज कुरकुरत करतात. तीन दिवसांत कांहीं झालें नाहीं. दोन महिन्यांनीं त्या काठी घेऊन, पण कोणाचा हात न धरतां, ओसरीपर्यंत येऊं लागल्या. निर्गुडीचा शेकहि चालू आहे. पुतणीनें त्याला हरकत घेतली नाहीं. फक्त कातडी भाजूं नये म्हणून गरम पाल्यावर आधीं आपला हात ठेवून पाहावयास सांगितलें आहे.

परवां ती आली तेव्हां त्या चार ठिपक्यांच्या पट्टीचा फोटो तिच्या फोनवर होता. आत्याबाईंनीं चष्मा लावून तो हातांत घेतला. पुडीची रेषा त्यांना दाखवावी लागली नाहीं. त्यांनीं ती आपण होऊन ओळखली आणि तिच्याकडे पुन्हां पाहिलें नाहीं.

"यांत माझी निर्गुडी कुठली?"

पुतणीनें पहिल्या रेषेवर बोट ठेवलें. आत्याबाई खालून वर एकेक ठिपका मोजीत गेल्या, मधें चुकल्या, पुन्हां खालून मोजूं लागल्या.

"एवढे जण आहेत होय हिच्यांत," त्या म्हणाल्या, आणि वहिनींना तवा तापला का म्हणून हांक मारली.